तोमासाची पहिली बट

सकाळी सात वाजता तोमासाने बूट घालायला घेतले आणि साडेआठ वाजता डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्या पायात घालून ती उठली. मधल्या दीड तासात घरातल्या कोणीही तिला हात लावला नाही. मदत करायची नाही, हा त्या घराचा कायदा होता आणि तो तिनेच केला होता. तिचं वय अडीच वर्षं.

कायद्याला दोन कलमं होती. पहिलं, तोमासाचं काम तोमासा करणार. दुसरं, चुकून ते दुसऱ्या कोणी केलंच, तर केलेलं मोडायचं, सगळं होतं तसं करून ठेवायचं, आणि मग ते तोमासा करणार. या दुसऱ्या कलमाचा फटका गेल्या महिन्यात बाजारच्या बसला बसला होता. कंडक्टरने, भला माणूस, तिला काखेत धरून खाली उतरवलं. ती जमिनीवर उभी राहिली, स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि जो काही सूर लावला तो बस वळणापर्यंत गेली तरी ऐकू येत होता. शेवटी तिचा बाप सेवेरो टोपी हातात धरून बसमागे धावला. बस थांबली, मागे आली, तोमासा तीन पायऱ्या चढली, वळली, आणि तीन पायऱ्या उतरली. तोवर चाळीस माणसं आणि दोन डुकरं गप बसून होती. तेव्हापासून तो ड्रायव्हर तोमासा दिसली की इंजिन बंद करतो आणि हाताची घडी घालतो.

"उलटे घातलेत," सेवेरो बायकोला हळूच म्हणाला.

"मग सांग जाऊन तिला," हुस्तिना म्हणाली. "मी मटण ढवळतेय. मला आज जिवंत राहायचंय."

सेवेरोने सांगितलं नाही. आजचा दिवस वेगळा होता. आज तोमासाची जावळं निघणार होती.

तितिकाका तळ्याच्या काठच्या त्या डोंगरउतारावर पोराचे केस जन्मापासून कापत नाहीत आणि विंचरतही नाहीत. त्यांच्या जटा होतात. मग एक दिवस ठरवून, गावाला जेवायला बोलावून, प्रत्येक बटेला रंगीत फीत बांधतात आणि पाहुणे एकेक करून बट कापतात. जो कापेल त्याने पोराला काहीतरी द्यायचं. कोणी कोंबडी देतं, कोणी मेंढी, कोणी शेतातली बटाट्याची एक ओळ. पण पहिली बट कापणारा साधा पाहुणा नसतो. तो पोराचा धर्मबाप होतो आणि पोराच्या आईबापांचा कोंपाद्रे; बाई असेल तर कोमाद्रे. हे नातं सख्ख्या भावाहून घट्ट. कोंपाद्रेशी भांडायचं नाही, त्याला एकेरी हाक मारायची नाही, आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

म्हणून पहिली बट कोणाच्या हातून कापून घ्यायची याचा सेवेरोने दोन वर्षं विचार केला होता आणि सगळे विचार फिरून रुफिनोदादांवर येत होते. रुफिनोदादांचा ट्रक होता. पण सेवेरोला ट्रक नको होता, निदान पहिल्यांदा नको होता. त्याला हवं होतं रुफिनोदादांचं खाली शहरातलं घर. गावच्या शाळेत पाचवीपर्यंत वर्ग होते. पुढे शिकायचं तर शहरात कोणाच्या तरी घरी राहावं लागे. सेवेरो स्वतः अकराव्या वर्षी शहरात गेला होता. त्याच्या बापाने त्याच्यासाठी धर्मबाप निवडला होता तो ढोल फार छान वाजवतो म्हणून. त्या ढोलवाल्याने दारातच "ये हं कधीतरी" म्हणून सांगितलं. सेवेरो तीन महिने धान्याच्या गोदामाच्या पडवीत झोपला आणि परत आला. त्या तीन महिन्यांबद्दल तो कोणाशी बोलत नसे.

रुफिनोदादांकडे तो रीतीप्रमाणे तीनदा गेला. पहिल्यांदा पाव घेऊन, दुसऱ्यांदा केळ्यांचा घड घेऊन, तिसऱ्यांदा बिअरची पेटी घेऊन. तिसऱ्यांदा ते हो म्हणाले. ते बहुतेकांना तिसऱ्यांदा हो म्हणत. ट्रक असलेल्या माणसाला धर्मबाप करायचं हे काय एकट्या सेवेरोलाच सुचलं नव्हतं. तोमासा त्यांची बेचाळिसावी होणार होती.

दहा वाजता ट्रक आला. मागे एक तांबडी कालवड उभी होती. ट्रकचं तोंड उताराकडे करून रुफिनोदादांनी तो वाटेवर लावला आणि चाकाखाली दगड ठेवला. त्या ट्रकचा स्टार्टर त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाआधी गेला होता. थोरल्याला आता तीन पोरं होती. ट्रक ढकलूनच सुरू होई, आणि एकदा सुरू झाला की रुफिनोदादा तो सहसा बंद करत नसत.

"हीच का?" त्यांनी विचारलं. "काय नाव म्हणालात? फेलिसा?"

"तोमासा," सेवेरो म्हणाला.

"तोमासा. बरं." बेचाळीस नावं लक्षात ठेवायची म्हणजे माणसाने तरी किती ठेवायची? "आमचं काम काय, एक बट. मग जेवतो आणि निघतो. गारा यायच्या आत घाट उतरायचाय."

अंगणात रंगीत चादर अंथरली. तिच्यावर ताट, ताटात लाल फीत बांधलेली कात्री. भोवती पाहुणे घोंगड्या टाकून बसले. सगळ्यांत वर मेल्चोरकाका बसले. ते तीनदा गावचे मुखिया झाले होते आणि रीतीभातीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी चघळायला कोकाची पानं वाटली, बिअरचे चार थेंब धरणीमातेच्या नावाने जमिनीवर सोडले आणि पोरीला आणायला सांगितलं.

पोरगी आपली आपण आली. आपली आपण स्टुलावर चढली. स्टूल उंच होतं, दोनदा घसरली. तिसऱ्यांदा पोटावर चढून, फिरून, बसली. तेवढा वेळ सगळे गंभीर चेहऱ्याने समोरच्या तळ्याकडे बघत होते. मागच्या महिन्यात त्यांच्यापैकी बरेच जण त्या बसमध्ये होते.

रुफिनोदादांनी टोपी काढली, कात्री घेतली, कपाळावरची बट दोन बोटांत धरली आणि कचकन कापली. एकेचाळीस पोरांचा हात होता. बट ताटात पडली. "ही माझ्याकडून कालवड," ते म्हणाले. सेवेरोच्या छातीवरचं दोन वर्षांचं ओझं उतरलं. ते खाली टेकलं असेल-नसेल, एवढ्यात तोमासाने ताटातली बट बघितली.

"मी कापनाल होते," ती हळू आवाजात म्हणाली. घरच्यांना माहीत होतं, हळू आवाज हीच वाईट खूण.

"हो गं बाई, पण रीत असते ना..." हुस्तिना म्हणाली.

"पलत लाव!"

"काय?" रुफिनोदादांनी विचारलं.

"पलत लाव! पलत लाव! पलत लाव!"

पुढचा पाव तास अंगणात दुसरं काही बोलता आलं नाही. हुस्तिनाने केळं दाखवलं. रुफिनोदादांनी ट्रकची किल्ली दाखवली. मेल्चोरकाकांनी लहानपणी ऐकलेलं कोल्ह्याचं गाणं म्हटलं, त्याने आवाज वाढला. कुत्री निघून गेली. कालवडीने दाव्याला हिसके द्यायला सुरुवात केली.

"सेवेरो, काहीतरी कर," हुस्तिना म्हणाली. "मटण आटत चाललंय."

तेव्हा सेवेरोने, दुसरं कलम अंगवळणी पडलेला माणूस, विचार न करता जे घरी केलं असतं ते केलं. ताटातली बट उचलली, कापल्या जागच्या उरलेल्या केसांवर धरली आणि लाल लोकरीने घट्ट बांधली. वर फीतही बांधली, फूल काढून.

तोमासा गप्प झाली. चाचपून बघितलं. समाधान झालं. हात पुढे केला. कात्री तिच्या दोन्ही मुठींत दिली तेव्हा सेवेरोने आपलं एक बोट पात्याच्या आणि कपाळाच्या मधे ठेवलं, आणि हे तिला कळू नये म्हणून फीत नीट करतोय असं दाखवलं. कात्री मिटली, उघडली, मिटली. चौथ्यांदा बट पडली. बापाचं बोटही जरासं कापलं.

"कापलं!" तोमासा म्हणाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सेवेरो बोट चोखत हसला. "चला, आता दुसरी बट..."

"थांबा," मेल्चोरकाका म्हणाले.

सगळे थांबले.

"पहिली बट कोणी कापली?"

"रुफिनोदादांनी," सेवेरो म्हणाला. "तुम्ही बघितलंत की काका."

"बघितलं. मग ती पोरीच्या डोक्यावर परत गेली तेही बघितलं. डोक्यावर आहे तो केस कापलेला कसा म्हणायचा? पहिली बट पोरीने कापली."

"काका, लोकरीने बांधली होती ती!"

"रुफिनोच्या ट्रकचं दार कशाने बांधलंय?" काकांनी विचारलं. सगळ्यांनी ट्रककडे बघितलं. दार दोरीने बांधलेलं होतं. "मग ते ट्रकचं दार नव्हे? बरं, बांधली कोणी? मी? रुफिनोने? बापाने. स्वतःच्या हाताने. सगळ्या गावासमोर. फूलसुद्धा काढलं."

सेवेरो रुफिनोदादांकडे वळला. "दादा, तुम्ही तरी सांगा."

रुफिनोदादांनी कालवडीकडे बघितलं. कालवड चांगली होती. उन्हाळ्यात गाभण राहिली असती. "मी काय सांगणार?" ते अतिशय गंभीरपणे म्हणाले. "काका म्हणतील ते. रीत ती रीत." आणि दावं, जे त्यांनी सेवेरोच्या खुंट्याला बांधलं होतं, ते सोडायला लागले.

"म्हणजे पोरीला धर्मबाप कोण?" हुस्तिनाने विचारलं.

"धर्मबाप नाही. धर्मआई," काका म्हणाले. "तीच. तोमासा."

"तोमासाची धर्मआई तोमासा?"

"असं आधी झाल्याचं मला आठवत नाही. पण होऊ नये असंही कोणी म्हटलेलं आठवत नाही." काका तोमासाकडे वळले. लहान मुलांशी बोलतात तसं नव्हे, पंचांपुढे बोलतात तसं बोलले. "तोमासाबाई, पहिली बट तुम्ही कापलीत. पोरीला काय देताय?"

तोमासाने विचार केला. तिच्याजवळ मेंढी नव्हती. बटाटे नव्हते. तिने वाकून उजव्या पायातला डावा बूट ओढायला सुरुवात केली. रबरी बूट, उलट्या पायातला, सहज निघेना. स्टूल हललं. बारा बायकांचे हात पुढे आले आणि बाराही मागे गेले. बूट निघाला. तिने तो ताटात ठेवला.

"पोरीला बूट दिला," काकांनी जाहीर केलं. "आता कोंपाद्रेंची गळाभेट घ्या."

सेवेरो गुडघ्यांवर बसला. रीतीप्रमाणे टोपी काढली. समोर त्याची अडीच वर्षांची मुलगी, एका पायात बूट, कपाळावर केसांचे खुंट. आता ती त्याची मुलगीही होती आणि कोमाद्रेही, आणि कोमाद्रेला एकेरी बोलत नाहीत. त्याने तिला मिठी मारली. "कोमाद्रे," तो म्हणाला. आवाज जरा फाटला. लोकांना वाटलं, रीतीने भरून आला. त्याला मात्र गोदामाची पडवी दिसत होती, आणि पडवीत एका पायात बूट घालून बसलेलं कोणीतरी.

"हं," कोमाद्रे म्हणाली.

पाहुणे दुसरी बट कापायला उठले, तर कात्री मिळेना. ती तोमासाच्या मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती.

"सेवेरो, काढून घे," हुस्तिना पुटपुटली.

"मी कशी काढून घेऊ? कोमाद्रे आहेत त्या."

"माझ्या नशिबाला आलेत दोघं!"

तळ्यावर ढग जमायला लागले होते. रुफिनोदादांनी टोपी घातली, कालवड फळीवरून परत ट्रकमध्ये चढवली, आणि न जेवताच निघाले. बिअरच्या पेटीचा विषय कोणी काढला नाही. सेवेरो त्यांच्या मागे वाटेवर आला. "दादा, शाळेपुरतं तरी," असं त्याला म्हणायचं होतं. पण तीनदा मागून झालेलं चौथ्यांदा मागायची रीत नव्हती.

"जरा हात लावा रे," रुफिनोदादा आत बसून म्हणाले. पंधरा-वीस जण ट्रकच्या मागे गेले. सेवेरोही गेला. आपल्या पोरीचं शहरातलं घर आपणच ढकलून द्यायचं म्हणजे काय, ते त्याला मागच्या पत्र्याला हात लावताना कळलं.

"मी!"

तोमासा आली होती. एक बूट, एक मोजा, हातात कात्री. कात्री तिने आपण होऊन आईकडे दिली, कारण ढकलायला दोन हात लागतात. "सगळे सोडा! मी ढकलते!"

"अगं... अहो कोमाद्रे, जड आहे तो," सेवेरो म्हणाला.

"सोडा!"

सगळ्यांनी हात सोडले. तोमासाने दोन्ही तळवे मागच्या पत्र्यावर टेकवले, डोकं खाली घातलं, मोजा चिखलात रोवला आणि ढकलायला लागली. तोंड लाल झालं. कोणी हसलं नाही. रुफिनोदादांनी आरशात बघितलं. वीस माणसं हात मागे बांधून उभी, आणि खाली, आरशाच्या अगदी कडेला, एक जटांचं डोकं.

त्यांना ओरडायचं होतं, "ढकला की लेको!" पण ते काही वेळ आरशातच बघत राहिले. मग सेवेरोला हाताने खूण केली. सेवेरो पुढे गेला, चाकाखालचा दगड काढला. दादांनी ब्रेक हळूच सोडला. उतार होताच. ट्रक हलला, दोन हात गेला, दहा हात गेला, दादांनी गिअर टाकला, इंजिनाने आचका दिला आणि ते सुरू झालं.

"ढकलला!" मागून आवाज आला.

ट्रक वळणापर्यंत गेला आणि थांबला. इंजिन चालू ठेवून रुफिनोदादा उतरले. चालत वर आले.

"एकेचाळीस आहेत मला," ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "सगळे ट्रकमध्ये बसायला येतात. मुखियासारखे वर बसतात, आयांसकट, पोत्यांसकट. ढकलायची वेळ आली की एकेकाच्या पोटात दुखतं." त्यांनी टोपी काढली आणि तोमासासमोर गुडघे टेकले, जपून, कारण गुडघे जुने होते. "तोमासाबाई. मला एक बट कापू द्याल?"

तोमासाने त्यांच्याकडे बघितलं. आईकडे हात केला. कात्री घेतली. ती हातात फिरवून बघितली, आणि दांड्याकडून पुढे केली.

"एकच," ती म्हणाली.

त्यांनी कानामागची एक लहान बट कापली. सगळ्यांनी मेल्चोरकाकांकडे बघितलं. काका ट्रकमागे चार पावलं गेले होते, ते हळूहळू परत येत होते. त्यांनी दम खाल्ला.

"धर्मआईने आपल्या हाताने कात्री दिली," काका म्हणाले. "मग तो धर्मबाप. दुसरं कोण?"

कालवड पुन्हा खाली उतरली. आज तिने फळीवरून इतक्यांदा ये-जा केली होती की ती आता न ओढता उतरली. रुफिनोदादांनी आधी सेवेरोला मिठी मारली, मग हुस्तिनाला, मग खाली वाकून तोमासाला, आणि प्रत्येकाला कोंपाद्रे, कोमाद्रे म्हटलं. मग सेवेरोच्या कानाशी म्हणाले, "शहरात मागच्या खोलीला खिडकी आहे. दिवा लावून घेईन. पाचवी व्हायला वेळ आहे अजून." सेवेरोने कापलेलं बोट उगाच पुन्हा तोंडात घातलं.

"तोमासा," रुफिनोदादा चढत्या आवाजात म्हणाले. "नाव विसरणार नाही मी. चला, येतो. इंजिन चालू आहे."

पण तोमासा मेल्चोरकाकांकडे बघत होती. मघापासून बघत होती. ट्रक सुरू होताना म्हाताऱ्या काकांचा तोल जात होता आणि त्यांनी आधाराला, अगदी टेकवण्यापुरता, मागच्या पत्र्याला हात लावला होता. दुसऱ्या कोणी ते बघितलं नव्हतं.

"काकांनी ढकलला," ती हळू आवाजात म्हणाली.

हुस्तिनाने डोळे मिटले. सेवेरोने आभाळाकडे बघितलं. पहिल्या गारा टपटपायला लागल्या होत्या.

"काय म्हणतात कोमाद्रे?" रुफिनोदादांनी विचारलं.

"म्हणतात," सेवेरो खाकरून म्हणाला, "पलत आन."

रुफिनोदादांनी वळणावर धडधडणाऱ्या ट्रककडे बघितलं. मग चढाकडे बघितलं. मग एका पायात बूट घातलेल्या आपल्या कोमाद्रेकडे. कोमाद्रेने मागितलं की नाही म्हणायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यांना तर एकेचाळीस वेळा माहीत होतं. ते खाली गेले. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. ट्रकच्या पुढे येऊन, अंगरखा काढून, त्यांनी बॉनेटला खांदा लावला.

"हात लावा रे," ते म्हणाले. "वर न्यायचाय."